वजन उचलणाऱ्याचे रक्त : काय तपासावे, काय सोडावे



शेतीच्या या सदरात रक्ताचा विषय कशाला, असे एखाद्याला वाटेल. पण गावागावांत झालेला बदल तुम्हीही पाहतच आहात. पूर्वी गावात एक तालीम असे. लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेली मुद्गलांची जोडी आणि कोपऱ्यात दगडी गोटी. ती तालीम काही गावांत अजून आहे, पण जवळच पत्र्याच्या शेडमध्ये व्यायामशाळाही निघाली आहे. पोलीस भरतीची आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे तेथे पहाटे लोखंड उचलतात. काही गावांत मुलीही जाऊ लागल्या आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे.

या लोखंडामागून दोन गोष्टी घरात आल्या. एक म्हणजे पावडरीचा डबा आणि दुसरी म्हणजे रक्त तपासणीचे पत्रक. अमुक रुपयांत ८० तपासण्या, तमुक रुपयांत ९० तपासण्या! पोरगा म्हणतो, व्यायामशाळेतल्या सगळ्यांनी केल्या, मलाही करायच्या आहेत. आई म्हणते, करून टाक बाबा, मनाला शंका नको. वडील म्हणतात, धडधाकट पोराला तपासण्या कशाला? मग यात खरे कोणाचे?

थोडे तिघांचेही खरे आहे. काही तपासण्या खरोखर उपयोगाच्या आहेत. बऱ्याचशा निरुपयोगी आहेत. आणि उपयोगाची तपासणीसुद्धा चुकीच्या दिवशी केली तर घराला घोर लावते. ही निवड कशी करावी, हे आज पाहू.

आधी मातीचा धडा

माती परीक्षण तुम्हाला नवे नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर १२ घटक असतात, तेही तुम्ही पाहिले आहेत. नमुना घेताना आम्ही काय सांगतो? खत टाकल्यावर निदान दोन-अडीच महिने माती काढू नका. उकिरड्याजवळची, बांधाजवळची, झाडाखालची माती घेऊ नका. तसे केले तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी आकडा तुमच्या शेताचा येत नाही, तो उकिरड्याचा येतो.

रक्ताचेही तसेच आहे. काल संध्याकाळी शंभर बैठका मारून, मांड्या भरून आलेल्या असताना आज सकाळी रक्त दिले, तर अहवालात कालच्या व्यायामाचा ठसा उमटतो. तो ठसा आजारासारखा दिसतो, म्हणून माणसे घाबरतात.

दुसरी गोष्ट. माती तपासायची ती खताची मात्रा ठरवण्यासाठी. अहवाल कपाटात ठेवून पुन्हा शेजाऱ्याचे पाहूनच खत टाकायचे असेल तर तपासणीचा खर्च वाया गेला. म्हणून कोणत्याही रक्त तपासणीपूर्वी एकच प्रश्न विचारा : आकडा कमी आला तर मी काय करणार आणि जास्त आला तर काय करणार? दोन्हींचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर ती तपासणी सोडून द्या.

या पाच तपासण्या कामाच्या

पहिली, रक्ताचा संपूर्ण तक्ता. प्रयोगशाळेत याला सीबीसी म्हणतात. यात हिमोग्लोबिन कळते. पुरुषांत ते १३ ग्रॅमच्या खाली आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग, म्हणजे रक्ताची कमतरता समजतात. पोरगा म्हणतो वजन वाढत नाही, दम लागतो. त्यावर व्यायामशाळेतला मित्र डबा बदलायला सांगतो. प्रत्यक्षात रक्तच कमी असते. व्यायाम करणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर ही तपासणी चुकवू नयेच. मासिक पाळीत जाणारे रक्त, ताटात येणारे अपुरे अन्न आणि वर मेहनत, असा तिहेरी ताण त्यांच्यावर असतो. हिमोग्लोबिन कमी आले तर डॉक्टर फेरिटिन ही साठ्यातील लोहाची तपासणी सांगतील. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर बरेच डॉक्टर लोह कमी आहे असे धरून उपचार करतात. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांना अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म होतो आणि आतड्यातून रक्त जात राहते. त्याचीही आठवण डॉक्टरांना करून द्यावी. आणि जेवणाला लागून चहा पिण्याची सवय मोडावी. चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

दुसरी, साखर. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असावी. १०० ते १२५ ही उंबरठ्यावरची स्थिती. १२६ किंवा अधिक आली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली, तर मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणीही चालते. तिच्यात ५.७ ते ६.४ हा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. मात्र रक्त कमी असेल किंवा सिकलसेलचा दोष असेल तर एचबीए१सी फसवी येऊ शकते, तेव्हा साधी उपाशीपोटीची साखरच बरी. घरात आई, वडील किंवा भाऊ मधुमेही असेल तर पंचविशीतला तगडा गडीसुद्धा यातून सुटत नाही.

तिसरी, रक्तातील चरबी, म्हणजे लिपिड तपासणी. पैलवानांच्या घरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. तालीम सुटते, पण खुराक सुटत नाही. विशीत रोज हजार-दोन हजार जोर मारणाऱ्याला दोन लिटर दूध, तूप आणि बदामाची थंडाई पचत होती. चाळिशीत तोच माणूस ट्रॅक्टरवर बसतो आणि ताट मात्र पैलवानाचेच राहते. चांगली समजली जाणारी एचडीएल चरबी पुरुषांत ४० च्या खाली आणि स्त्रियांत ५० च्या खाली असणे चांगले नव्हे. तरुण गड्याची एचडीएल एकदम वीस-पंचवीसवर आली तर जाणता डॉक्टर एक प्रश्न हळूच विचारतो, त्याकडे पुढे येऊ.

चौथी, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. पाचवी, यकृतासाठी एसजीपीटी आणि एसजीओटी. या दोन तपासण्यांचे आकडे वजन उचलणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमज करतात, म्हणून त्या सविस्तर समजून घेऊ.

या पाचांबरोबर एक सहावी गोष्ट आहे, तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. ती म्हणजे रक्तदाब. पट्टा बांधून पाच मिनिटांत होतो. नव्वद तपासण्यांच्या पत्रकात बहुधा तोच नसतो. शांत बसून वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल, तर आधी डॉक्टर आणि मग लोखंड.

यकृताचा आकडा की स्नायूचा?

समजा, एका घरातला मुलगा भरतीच्या तयारीत आहे. आठ दिवसांपूर्वी त्याने मांड्यांचा नवा व्यायाम धरला. अंगात कणकण वाटली म्हणून रक्त तपासले. एसजीओटी ११० आली, एसजीपीटी ८०. दोन्ही नेहमीच्या मर्यादेपेक्षा वर. कोणी म्हणाले कावीळ. गळ्यात माळ पडली, नाकात पाल्याचा रस गेला, दूध-भाकर बंद झाली, पोरगा अंथरुणाला खिळला. भरतीची तारीख निघून गेली.

मुळात त्या पोराचे यकृत ठणठणीत असू शकते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही दोन्ही द्रव्ये फक्त यकृतात नसतात, स्नायूंतही असतात. जड व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि ही द्रव्ये रक्तात उतरतात. २००८ साली स्वीडनमधील संशोधकांनी याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उचलण्याची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांकडून त्यांनी एक तास वजनाचा व्यायाम करून घेतला. तेवढ्या एका तासाने ही द्रव्ये वाढली आणि निदान सात दिवस वाढलेलीच राहिली. मात्र बिलिरुबिन आणि जीजीटी या यकृताच्याच दुसऱ्या तपासण्या ठीक राहिल्या.

यातून आपल्याला खूणगाठ मिळते. एसजीओटी, एसजीपीटी वाढली. पण बिलिरुबिन आणि जीजीटी ठीक आहे, डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली आहे आणि आठवड्यात जड व्यायाम झाला आहे, तर डॉक्टरांना विनंती करा की सीपीके नावाची स्नायूंची तपासणी पाहू या. सीपीके वाढलेली असेल तर बोट स्नायूकडे जाते. आठ-दहा दिवस विश्रांती घेऊन पुन्हा तपासले की बहुधा आकडे खाली येतात. विश्रांतीनंतरही खाली आले नाहीत, तर मात्र ब आणि क प्रकारची कावीळ, दारू, यकृतावरील चरबी आणि घेतलेली औषधे या सगळ्यांचा शोध घ्यावा लागतो. तेथे माळ आणि पाला उपयोगाचे नाहीत.

क्रिएटिनिन आणि गोणीतला युरिया

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज निघणारा टाकाऊ पदार्थ आहे. मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते. ज्याच्या अंगावर स्नायू जास्त, त्याच्या रक्तात क्रिएटिनिन थोडे जास्त. त्यामुळे नव्वद किलोच्या पैलवानाचा आकडा १.३ किंवा १.४ आला तर लगेच मूत्रपिंड गेले असे होत नाही. त्याच आकड्याची पंचेचाळीस किलोची म्हातारी असेल, तर मात्र काळजीचे कारण आहे. आकडा एकच, पण जमीन वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. आदल्या रात्री भरपूर मटण खाल्ले असेल किंवा क्रिएटिन नावाची पांढरी पावडर चालू असेल तरी आकडा वर सरकतो. अशा वेळी डॉक्टर लघवीतील अल्ब्युमिन पाहतात. जास्तच शंका असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी आहे, तिच्यावर स्नायूंच्या वजनाचा परिणाम फारसा होत नाही.

अहवालात आणखी एक ओळखीचे नाव असते, युरिया. रक्तातला युरिया आणि तुमच्या ४५ किलोच्या गोणीतला युरिया रासायनिक दृष्टीने एकच पदार्थ आहे. प्रथिनांतील नत्र शरीर त्या रूपाने बाहेर टाकते. म्हणून अंडी, डाळी, दूध आणि पावडर भरपूर घेणाऱ्याचा युरिया थोडा जास्त असतो. पाणी कमी प्यायले तरी तो वाढतो. एकट्या युरियावरून घाबरू नये.

घाबरावे ते दुसऱ्याच गोष्टीला. अंग दुखते म्हणून रोज दुकानातून दुखण्याची गोळी आणून खायची, पाणी कमी प्यायचे आणि उन्हात घाम गाळायचा, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाचे खरे नुकसान होते. व्यायाम करणाऱ्याने आणि ऊसतोडीला जाणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

जन्मात एकदाच करायची तपासणी

नंदुरबार, धुळे, पालघर, मेळघाट, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतील कुटुंबांसाठी एक तपासणी मी वरच्या पाचांच्याही आधी ठेवीन. ती म्हणजे सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक दोष आहे. आई-बाप दोघांकडून दोष आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक राहतो. वाहक एरवी निरोगी असतो, त्याला आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो. पण कडक उन्हात, पाण्याविना, एकदम जीव तोडून धावणे किंवा वजन मारणे झाले तर वाहकाच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते, क्वचित जिवावरही बेतते.

याचा अर्थ वाहकाने व्यायाम करू नये असा नाही. हळूहळू वाढवावा, मध्ये थांबावे, पाणी प्यावे आणि प्रशिक्षकाला आधी सांगून ठेवावे, एवढाच आहे. केंद्र सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात ४० वर्षे वयापर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे. सोल्युबिलिटीची साधी चाचणी आधी होते आणि तिच्यात दोष दिसला तर पुढची खात्रीची तपासणी. ही गोष्ट लग्न ठरवतानाही उपयोगी पडते. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारांत एक असते.

लक्षण असेल तरच

पिकावर पिवळेपणा दिसला की आपण लोह-जस्त पाहतो, उगाच प्रत्येक वाफ्यात सूक्ष्मद्रव्य ओतत नाही. पुढच्या तपासण्या तशाच, लक्षण पाहून करायच्या.

बी-१२ : माळकरी आणि शुद्ध शाकाहारी घरांत याची कमतरता बरीच आढळते. हातापायांना मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल होणे, रक्त कमी आणि रक्तपेशी आकाराने मोठ्या, अशी लक्षणे असतील तर तपासावे. २०० च्या खाली आकडा म्हणजे कमतरता. दूध-दह्यातून थोडे मिळते. कमतरता झाल्यावर मात्र गोळी किंवा इंजेक्शन डॉक्टरांकडूनच घ्यावे.

थायरॉइडची टीएसएच : वजन कारण नसताना वाढणे, सुस्ती, पाळीची गडबड असेल तर. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्या या तपासणीचा आकडा बिघडवतात.

युरिक अॅसिड : पायाचा अंगठा किंवा सांधा एकाएकी लाल होऊन सुजला तर.

ड जीवनसत्त्व : हाडे दुखणे किंवा वारंवार हाड मोडणे असे काही असेल तर डॉक्टर पाहतील. उन्हात राबणाऱ्या धडधाकट तरुणाने दर वर्षी तपासण्याची गरज नाही.

टेस्टोस्टेरॉन : व्यायामशाळेतील पोरांना याचेच आकर्षण जास्त. ज्याला कामेच्छा कमी होणे, मूल न होणे किंवा दाढी-मिशी विरळ होणे अशी लक्षणे नाहीत, त्याने ही तपासणी करू नये. तो आकडा दिवसभरात वर-खाली होतो. लक्षण असेल तर सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दोन दिवशी पाहतात. एका दुपारच्या आकड्यावरून इंजेक्शन देणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहा.

कर्करोगाचे निर्देशक, कॉर्टिसॉल, विविध धातूंची मोजणी, ही सगळी धडधाकट माणसाने विकत घेण्याची वस्तू नव्हे.

नव्वद तपासण्यांचा फास

जास्त तपासण्या केल्या तर काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. बहुतेक तपासण्यांची ‘नेहमीची मर्यादा’ अशी आखलेली असते की १०० निरोगी माणसांपैकी ९५ त्या मर्यादेत बसावीत. म्हणजे ५ निरोगी माणसे कोणताही आजार नसताना बाहेर पडतात. आता एका निरोगी माणसाच्या अशा २० तपासण्या केल्या आणि त्या एकमेकींशी निगडित नाहीत असे धरले, तर निदान एक आकडा ठळक अक्षरात येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के येते. नव्वदांचा हिशेब तुम्हीच करा. मग त्या एका ठळक आकड्यामागे सोनोग्राफी, तालुक्याच्या चकरा, बुडालेला रोज आणि रात्रीची उडालेली झोप. कापूस वेचणीच्या दिवसांत असा घोर घराला परवडत नाही.

जे अहवालात लपत नाही

आता मघाचा राहिलेला प्रश्न. काही पोरे लवकर अंग भरावे म्हणून स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात. त्यात जनावरांसाठी बनवलेलीही असतात. घरी कोणाला सांगत नाहीत. पण रक्त सांगते. एचडीएल फार खाली जाते. हिमोग्लोबिन आणि त्याबरोबरचा पीसीव्हीचा आकडा चढतो. पीसीव्ही ५४ टक्क्यांच्या वर जाणे म्हणजे रक्त घट्ट होणे, त्याने गाठ होण्याचा धोका वाढतो. शरीराचे स्वतःचे पुरुषद्रव्य बनणे थांबते, वृषणे आखडतात, वीर्यातील शुक्रजंतू कमी होतात. इंजेक्शन थांबवल्यावर हे पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. सुई वाटून घेतली असेल तर एचआयव्ही आणि ब व क प्रकारच्या काविळीची तपासणी झालीच पाहिजे. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गुप्त होते. काविळीसाठी २०१८ सालापासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तपासणी आणि उपचार मोफत मिळतात.

दुसरे इंजेक्शन मेफेंटरमाइनचे. शस्त्रक्रियेत रुग्णाचा रक्तदाब कोसळला तर तो सावरण्यासाठी ते असते. व्यायामशाळेत ते ‘ताकदीचे’ म्हणून विकले जाते. अलीकडच्या वर्षांत महाराष्ट्रात पोलिसांनी आणि अन्न व औषध प्रशासनाने त्याच्या बेकायदा विक्रीवर ठिकठिकाणी कारवाया केल्या आहेत. एक गोष्ट कोरून ठेवा : याचा धोका आधी दाखवून देईल अशी कोणतीही रक्त तपासणी नाही. छातीची धडधड एकदम वाढते, रक्तदाब चढतो आणि तरणा गडी जागीच कोसळू शकतो. ‘माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत’ ही येथे ढाल नव्हे.

आई-वडिलांना माझी विनंती अशी की पोराच्या खिशात सुई सापडली तर लगेच हात उगारू नका. मारलेले पोर लपवते आणि लपवलेले दुखणे वाढते. त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. डॉक्टरांना खरे सांगितले तर ते योग्य चार तपासण्या करतील, खोटे सांगितले तर चाळीस कराव्या लागतील.

येथे अहवालाची वाट पाहू नका

पहिल्याच दिवशी जोशात येऊन अति व्यायाम केला, दुसऱ्या दिवशी मांड्या किंवा दंड दगडासारखे सुजले, असह्य दुखू लागले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर ही साधी अंगदुखी नव्हे. स्नायू फुटून त्यातील द्रव्ये मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण आहे. सरळ रुग्णालय गाठा, त्याच रात्री. तेथे सीपीके, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तातडीने पाहतात आणि शिरेतून सलाईन देतात. वेळेत गेलेला बहुधा बरा होतो, उशीर झालेल्याला रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रावर जावे लागते. ‘घाम जिरला की बरे वाटेल’ म्हणून पुन्हा व्यायामाला पाठवू नका आणि दुखण्याची गोळी देऊ नका.

नमुना देताना

आता थोडक्यात कृती सांगतो, कात्रण करून भिंतीला लावा.

१. रक्त देण्यापूर्वी आठवडाभर जड व्यायाम थांबवा. तेवढे जमलेच नाही तर निदान तीन दिवस. पोती उचलणाऱ्या हमालाने आणि ऊसतोड करणाऱ्यानेही डॉक्टरांना आपले काम सांगावे, कारण स्नायूला लोखंड आणि पोते सारखेच.

२. रात्रीचे जेवण लवकर आणि साधे करा. सकाळी १० ते १२ तास उपाशी राहून रक्त द्या. साधे पाणी प्यायला हरकत नाही.

३. ताप, जुलाब असताना नेहमीची तपासणी करू नका. तेव्हा आजारापुरती तपासणी डॉक्टर सांगतील.

४. पावडर, गोळ्या, काढे, इंजेक्शने, जे काही घेता ते सगळे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा.

५. शक्यतो दर वेळी एकाच प्रयोगशाळेत जा. सातबाऱ्याचे उतारे जपता तसे अहवाल जपून ठेवा. एका आकड्यापेक्षा तीन वर्षांचे आकडे जास्त बोलतात.

६. सुरुवातीला एकदा पाच तपासण्या आणि रक्तदाब. सगळे ठीक असेल तर तरुणाने दर महिन्याला हात टोचून घेण्याचे कारण नाही, वर्षातून एकदा पुष्कळ झाले. चाळिशी ओलांडलेल्याने, घरात मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्याने डॉक्टर सांगतील तसे करावे.

खर्चाचेही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत तपासण्यांसह उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. वर सांगितलेल्या पाच तपासण्या या नेहमीच्याच आहेत. म्हणून पत्रकातला दूरध्वनी फिरवण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात विचारा. वाचलेल्या पैशांत अंडी, शेंगदाणे, हरभरे आणि दूध आणा. अंग त्यानेच भरते.

पोराने लोखंड उचलावे, पोरीनेही उचलावे. बळकट अंग हे शेतकऱ्याचे पहिले भांडवल आहे. मात्र माती जशी वेळ पाहून, जागा पाहून आणि कारण असेल तेव्हा काढतो, तसेच रक्तही काढावे. येत्या आठवड्यात एवढेच करा : घरातल्या व्यायाम करणाऱ्याला जवळ बसवा, तो काय खातो आणि काय टोचतो ते प्रेमाने विचारा, आणि आरोग्य केंद्रात नेऊन त्याचा रक्तदाब मोजून घ्या.